जखमी कासव पाण्यात परत ढकलू नका: कोकणातल्या किनारी ग्रामपंचायती आणि मच्छीमार सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य, मच्छीमार सहकारी सोसायट्यांचे चेअरमन आणि सर्व तांडेल-खलाशी बांधव

विषय: पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारी जखमी समुद्री कासवं आणि १ मेची ग्रामसभा

सप्रेम नमस्कार.

एप्रिल सरत आला. कासव महोत्सवांचे मांडव उतरले, पिल्लं समुद्रात सोडून झाली, पर्यटक परत गेले. आता महिन्या-दीड महिन्यात बोटी वर ओढल्या जातील, पाऊस धरेल, समुद्राला उधाण येईल. आणि त्या उधाणाबरोबर आपल्या पुळणींवर मोठी कासवं लागायला सुरुवात होईल. कुणाच्या खांद्यात नायलॉनचं जाळं रुतलेलं, कुणाचा पर, म्हणजे पोहायचा वल्ह्यासारखा पाय, तुटलेला, कुणी नुसतंच अशक्त, मान टाकून पडलेलं. हे दर पावसाळ्यात होतं आणि दर पावसाळ्यात आपण त्याला तयारीशिवाय सामोरे जातो. म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहे, १ मेच्या ग्रामसभेच्या आधी.

मार्चमध्ये अंड्यांसाठी रात्र रात्र जागणारी आपली गावं जुलैमध्ये मोठ्या कासवासाठी काय करायचं हे ठरवून ठेवत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वेळासला २००२ पासून गावकऱ्यांनी आणि सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरटी राखायला सुरुवात केली. पुढे आंजर्ले, केळशी, गुहागर, तांबळडेग, वायंगणी अशी ती चळवळ सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे. पण हिशेब मांडून बघा. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या हजार पिल्लांमधलं एखादंच मोठं होतं असं जाणकार मानतात, आणि अंडी घालण्याच्या वयाला यायला मादीला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे जुलैत पुळणीवर पडलेली एक पूर्ण वाढलेली मादी ही कितीतरी घरट्यांची शिल्लक आहे. घरट्याभोवती आपण जाळीचं कुंपण घालतो, आणि तिच्याभोवती मात्र मोबाईल घेऊन उभे राहतो.

आपल्या लोकांना कासवाबद्दल माया नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. माया आहे म्हणूनच चुकीची गोष्ट होते. कासव दिसलं की पहिली आरोळी उठते, ‘पाण्यात सोडा रे त्याला!’ चार पोरं पुढे होतात, उचलतात, कमरेएवढ्या पाण्यात नेऊन सोडतात, टाळ्या होतात. संध्याकाळच्या भरतीला तेच कासव शेजारच्या वाडीच्या पुळणीवर पुन्हा लागतं, आणखी गळालेलं. तिथली पोरंही तेच करतात.

समुद्री कासव पाण्यात राहत असलं तरी श्वास हवेत घेतं. त्याला आपल्यासारखीच फुप्फुसं आहेत, कल्ले नाहीत. धडधाकट कासव वर येतं, श्वास घेतं, पुन्हा बुडी मारतं. अशक्त कासवाला मान वर काढण्याएवढं बळ उरलेलं नसतं. त्याला खोल पाण्यात सोडलं तर ते बुडून मरतं. काहींना न्यूमोनिया झालेला असतो, काहींच्या पोटात नको तिथे हवा साठलेली असते. अशी कासवं एक कड वर करून तरंगत राहतात, बुडी मारता येत नाही म्हणून खायला मिळत नाही, आणि वारा नेईल तिकडे जातात. वाऱ्याने आणि लाटांनी त्यांना आपल्या दारात आणून टाकलेलं असतं. त्यांना परत ढकलणं म्हणजे दवाखान्याच्या पायरीवरून रुग्णाला रस्त्यावर नेऊन ठेवण्यासारखं आहे.

मग कुठलं कासव जखमी आणि कुठलं नाही हे ओळखायचं कसं? आपल्या किनाऱ्यावर मोठं कासव स्वतःहून वर येतं ते फक्त अंडी घालायला. साधारण नोव्हेंबर ते मार्च, बहुतेक वेळा रात्री. ती मादी पाण्यापासून वर कोरड्या वाळूपर्यंत चालत येते, मागे तिच्या परांचा रुंद माग उमटलेला असतो. ती खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबून बुजवते आणि तासाभरात परत जाते. तिला हात लावायचा नाही, विजेरी मारायची नाही, समोर जायचं नाही. लांब उभं राहायचं. याउलट आजारी कासव पाण्याच्या रेषेवर फेसात पडलेलं असतं, दिवसाउजेडीसुद्धा. मागे माग नसतो, कारण त्याला लाटेने टाकलेलं असतं. डोळे खोल गेलेले, पोटाकडची कवची आत बसलेली, पाठीवर शेवाळ आणि बार्नाकल म्हणतात त्या पांढऱ्या कडक जिवांचा थर. असा थर दाट साचला म्हणजे ते बराच काळ नीट पोहू शकलेलं नाही.

मागच्या एका पावसाळ्यात आमच्या खाडीच्या तोंडाशी असं एक कासव लागलं होतं. हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचा फास डाव्या खांद्यात इतका रुतला होता की चामडी त्याच्यावरून वाढली होती. फासाच्या पुढचा पर सुजून काळा पडलेला. मी पोचलो तेव्हा दोन पोरं त्याला पराला धरून ओढत होती. एका काकूंनी भाविकपणे पाठीवर हळदकुंकू वाहिलं होतं आणि ते पावसाने ओघळून थेट जखमेत उतरत होतं. कासवाचा श्वास ऐकू येत होता, दमलेल्या माणसासारखा, मध्येच अडकणारा. तेवढ्यात वाडीतले एक वयस्क तांडेल आले. त्यांनी पोरांना बाजूला केलं, खांद्यावरचा पंचा भिजवून पाठीवर घातला, कोयत्याने जाळ्याचा मागे लोंबणारा तुकडा कापला. पोरं म्हणाली, आतलाही काढा. ते म्हणाले, ‘आतला दोरा रक्त धरून बसलाय. तो डॉक्टर काढील.’ त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पण तेच बरोबर होतं. कासव संध्याकाळी वनखात्याच्या गाडीतून गेलं. पर काढावा लागला, पण कासव वाचलं असं नंतर कळलं. एक पर गमावलेली कासवंसुद्धा बरी होऊन समुद्रात जगू शकतात.

त्या तांडेलांनी जे केलं ते आपल्या प्रत्येक वाडीत चार जणांना तरी यायला हवं. सगळ्यात आधी फोन. वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही टोल फ्री सेवा १९२६ या क्रमांकावर आहे. शिवाय आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा आणि कांदळवन कक्षाच्या, म्हणजे वनविभागाच्या खारफुटी सांभाळणाऱ्या शाखेच्या, स्थानिक कर्मचाऱ्यांचा नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीकडे असलाच पाहिजे. फोनवर गाव आणि पुळणीवरची खूण सांगा, कासव जिवंत आहे का, केवढं आहे, जखम कुठे आहे ते सांगा, फोटो आणि लोकेशन पाठवा.

मग त्याला भरतीच्या रेषेच्या वर, सावलीत न्यायचं. मोठी रिडले पस्तीस-चाळीस किलोंची असते, दोघांनी कवच पुढून आणि मागून धरून उचलली तर सहज उचलते. हिरवं कासव शंभर किलोंच्या वरही जातं, ते ताडपत्रीवर घेऊन सरकवा. पराला किंवा शेपटीला धरून ओढायचं नाही, सांधा निखळतो. उताणं करायचं नाही. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. उताणं केलं की पोटातल्या सगळ्या अवयवांचं वजन त्यांच्यावर येतं आणि आधीच धापा टाकणारा जीव गुदमरतो. तोंडापासून हात लांब ठेवा, चावा जबर असतो.

पाठीवर ओलं गोणपाट किंवा सुती कापड घाला, नाकपुड्या आणि डोळे मोकळे ठेवा. पाण्याने भरलेल्या टाकीत किंवा टबात ठेवू नका, ज्याला मान उचलवत नाही ते वीतभर पाण्यातही बुडतं. सावलीत, ओलसर ठेवलेलं कासव पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतं, त्यामुळे घाबरून घाई करायचं कारण नाही. खायला काही देऊ नका, तोंडात पाणी ओतू नका. जखमेवर हळद, तेल, डिझेल, काहीही नको. पाठीवरचे बार्नाकल खरवडू नका. आणि श्रद्धेने हात जोडावेसे वाटले तर जरूर जोडा, देवळात आपण कासवाला नमस्कार करूनच आत जातो. पण कुंकू त्याच्या पाठीवर नको, नारळ त्याच्या डोक्याशी फोडायला नको. एक माणूस कुत्री आणि गर्दी हटवायला उभा राहिला, तर तीच त्याची मोठी सेवा. शेवटी हात साबणाने धुवा.

गाडी यायला वेळ लागणार असेल किंवा गावातल्याच टेम्पोतून न्यायचं ठरलं, तर एक सोपी युक्ती आहे. हौद्यात जुना टायर आडवा टाका, त्याच्यावर ओलं गोणपाट अंथरा आणि कासव त्यात बसवा. वळणांवर ते घरंगळत नाही आणि पोटावर दाबही येत नाही. पण न्यायचं ते वनखात्याला विचारूनच, आणि ते सांगतील तिथेच.

आता तांडेल आणि खलाशी बांधवांशी थोडं वेगळं बोलायचं आहे, कारण कासवाचं जगणं-मरणं बहुतेक वेळा तुमच्या डेकवर ठरतं.

जाळ्यात बराच वेळ अडकलेलं कासव वर येतं तेव्हा पुष्कळदा मेल्यासारखं दिसतं. मान लुळी, डोळे बंद, हालचाल नाही. तुम्ही त्याला मेलं समजून परत टाकता, आणि मग ते खरोखर मरतं. ते बेशुद्ध असू शकतं. त्याला पोटावर ठेवा, मागची बाजू दोरखंडाच्या वेटोळ्यावर किंवा फळीवर अर्धा फूट उंच करा, म्हणजे छातीतलं पाणी तोंडावाटे उतरेल. सावली करा, ओलं कापड घाला. मधून मधून डोळ्याजवळ किंवा शेपटीला हलकेच बोट लावून बघा. शुद्धीवर यायला चार तास लागतील, कधी चोवीस तासही लागतात. नीट हालचाल करू लागलं की इंजिन न्यूट्रलला घेऊन, जाळी नसलेल्या बाजूला, हळूच पाण्यात सोडा. अंगावर जखम नसलेल्या आणि पूर्ण शुद्धीवर आलेल्या या कासवाची गोष्ट वेगळी, त्याला समुद्रातच जायचं आहे. जखमी असेल किंवा शुद्धीवर आलंच नाही, तर बंदरावर आणा. गळ गिळलेला असेल तर दोरी ओढू नका. तोंडाबाहेर हातभर दोरी ठेवून बाकीची कापा, डॉक्टरांना तीच दोरी माग दाखवते.

जाळं कापावं लागतं तेव्हा नुकसान तुमचं होतं हे मला माहीत आहे. जाळं म्हणजे घरचा पैसा. राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये निर्णय घेतला की कासव, डॉल्फिन, बहिरी मासा (व्हेल शार्क) यांच्यासारखे संरक्षित जीव जाळं कापून जिवंत सोडले तर मच्छीमाराला जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई मिळेल. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ आणि फाटलेल्या जाळ्याचे फोटो हवेत. सोसायट्यांना माझी कळकळीची विनंती आहे की या अर्जाचे कोरे नमुने ऑफिसात ठेवा, अर्ज भरून द्यायला आणि पाठपुरावा करायला एक माणूस नेमा. कागद एकट्या खलाशाच्या गळ्यात घातला, तर पुढच्या वेळी तो फोटो न काढता जाळं झटकून मोकळा होईल, आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही.

‘उगाच केस अंगाशी येईल’ ही भीतीही मी पुष्कळ ठिकाणी ऐकतो. समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. ती मारणं, विकणं, घरी ठेवणं हा गुन्हा आहे. जखमी कासव सापडणं आणि ते कळवणं हा गुन्हा नाही. असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याला कळवा, असं कायदाच सांगतो. तुम्ही तर पहिल्या पाच मिनिटांत फोन करणार आहात. अडचणीत येतो तो न कळवता विहिरीत किंवा टाकीत नेऊन ठेवणारा, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

मेलेल्या कासवाचीही खबर द्या. वास सुटतो म्हणून लगेच खड्डा करून पुरू नका, आधी वनखात्याला मोजमाप आणि पंचनामा करू द्या. आणि परावर धातूचा बिल्ला दिसला तर त्याच्यावरचा क्रमांक लिहून घ्या. २०२१ साली ओडिशात बिल्ला लावलेली एक कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. गुहागरहून २०२३ मध्ये उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. दोन्ही किनाऱ्यांचा असा संबंध आहे हे एखाद्या बिल्ल्यामुळे आणि तो बघणाऱ्या माणसामुळे कळतं.

डॉल्फिन किंवा त्याच्यासारखाच दिसणारा छोटा पोरपॉइज जिवंत लागला तरी फोन तोच. त्याला पोटावर सरळ ठेवायचं, शेपटीला धरून ओढायचं नाही, अंग ओलं ठेवायचं आणि डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ द्यायची नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू लागलं तेव्हा गावकरी, वनखातं, पर्यटक सगळे दिवसरात्र पाण्यात उभे होते. पिल्लू वाचलं नाही. पण वेळ आली की आपली माणसं किती झटतात हे सगळ्या राज्याने पाहिलं. त्या झटण्याला आधीच्या तयारीची जोड मिळावी एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी माझी मागणी साधी आहे. जैवविविधता व्यवस्थापन समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत कागदावर तरी आहेच. तिने प्रत्येक पुळणीसाठी दोन माणसं ठरवावीत, शक्यतो एक मच्छीमार आणि एक किनाऱ्यालगत राहणारी बाई किंवा बाप्या, जे पावसातही घरी सापडतील. ताडपत्री, चार गोणपाटं, जुना टायर, जाळं कापायची बोथट टोकाची कात्री आणि हातमोजे असा संच मासळी लिलावाच्या शेडमध्ये ठेवावा. कासव ठेवायची सावलीची जागा तीच ठरवावी. टेम्पोवाल्याशी आधी बोलून डिझेलचा खर्च ग्रामनिधीतून द्यावा. पुळणीच्या वाटेवर एक फलक लावावा आणि त्याच्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहावं, ‘कासव पाण्यात ढकलू नका, १९२६ वर फोन करा’. रिसॉर्ट आणि होमस्टे चालवणाऱ्यांनी तोच मजकूर आपल्या दारात लावावा. जीवरक्षक आणि किनारा झाडणाऱ्या ताईंना सगळ्यात आधी सांगावं, कारण पहाटे पुळणीवर पहिलं पाऊल त्यांचंच पडतं.

वनविभाग आणि पशुसंवर्धन विभागालाही याच पत्रातून विनंती करतो. समुद्री कासवांवर उपचार करण्यात डहाणूच्या केंद्राने मोठं काम केलं आहे, पण डहाणू राज्याच्या उत्तर टोकाला आहे. वेंगुर्ल्याला लागलेल्या कासवाला तिथवरचा प्रवास झेपणार नाही. प्रत्येक किनारी तालुक्यात निदान पहिले दोन दिवस कासव नीट ठेवता येईल अशी जागा हवी, आणि गाई-म्हशी तपासणाऱ्या आपल्या पशुवैद्यकांपैकी एकाला तरी कासवाचं प्रशिक्षण मिळायला हवं. यंदाच्या पावसाळ्यात हे सगळं होणार नाही. पण मागणीचे ठराव वीस-पंचवीस ग्रामपंचायतींतून गेले तर पुढच्या वर्षीच्या तरतुदीत त्याला जागा मिळू शकते.

१ मेच्या ग्रामसभेची विषयपत्रिका अजून निघाली नसेल तर त्यात हा विषय घ्यावा. निघाली असेल तर अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळच्या विषयांत घ्यावा. ठरावाची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि एक मत्स्यव्यवसाय कार्यालयाला द्यावी, ठरवलेल्या दोन माणसांचे फोन नंबर त्यावर असावेत. सोसायट्यांनी मे महिन्यात बोटी वर घेण्याआधीच्या बैठकीत तांडेलांना बेशुद्ध कासवाबद्दल समजावून सांगावं. त्यासाठी कुणी बोलावलं तर मी स्वखर्चाने येईन.

आपला नम्र,
कोकण किनाऱ्यावरचा एक रहिवासी